दहा बोटांची मॅनेजिंग कमिटी

ज्यांच्यावर अन्याय झाला ते माझे घरमालक. वय बहात्तर, मधुमेह एकतीस वर्षांचा, मुक्काम दिल्लीतलं मयूर विहार, तिसरा मजला. अन्याय झाला तो दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, त्यांच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर लोकांसमोर. करणारी मी. माझ्या हातात माइक होता आणि तो मी त्यांच्या हातातून काढून घेतला होता.

आमच्या कामात पत्रक असंच सुरू करायला शिकवतात. कोणावर, कधी, कुठे, कोणी केलं ते पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे, कारण पाचवी ओळ कोणी वाचत नाही. एरवी 'कोणी केलं' या जागी मी एखाद्या खात्याचं किंवा औषध कंपनीचं नाव बिनदिक्कत टाकते. आज माझं टाकलंय. पाचवी ओळ तरीही वाचा.

मी मूळची पुण्याची. रुग्णांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत नोकरी लागली म्हणून दिल्लीत आले. काम म्हणजे पत्रकं लिहायची, वाटायची, शिबिरं भरवायची आणि चिडायचं. चिडायचं असं कोणी सांगितलं नव्हतं, ते माझ्याकडून आपोआप व्हायचं. मराठी लोकांच्या एका ग्रुपवर या काकाकाकूंच्या खोलीची खबर मिळाली. नगरकडचं ख्रिस्ती कुटुंब, दिल्लीत चाळीस वर्षं. काका केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात फायलींचा हिंदी अनुवाद करून निवृत्त झालेले, काकू शाळेत गणित शिकवून. मुलगी लग्न होऊन फरीदाबादला.

खोली बघायला गेले त्या दिवशी काकांनीच दार उघडलं. छान मराठीत चौकशी केली, पुण्यात कुठे राहतेस, काय शिकलीस, वगैरे. मी विचारलं, "मग काका, खोली मला मिळेल ना?" त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाले, "महोदया, आपका आवेदन विचाराधीन है। कृपया अनुस्मारक न भेजें।"

मला वाटलं, अर्ज विचाराधीन आहे, स्मरणपत्र नको, असं सरकारी हिंदीत सांगून हा माणूस माझी टिंगल करतोय. मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, हिंदीत गेलात का?" आणि त्या साखरपाण्याचा पेला घेऊन अक्षरशः धावत आल्या. एका हाताने त्यांची मान धरली, दुसऱ्याने पेला तोंडाला लावला. काका पिता पितासुद्धा "संलग्नक देखें" असं काहीतरी म्हणत होते. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी कपाळ पुसलं आणि मला मराठीत म्हणाले, "घाबरलीस का गं? साखर साठच्या खाली गेली की मी ऑफिसला जातो."

"बाकीच्यांना नुसता घाम फुटतो, हात थरथरतात," काकू म्हणाल्या. "ह्यांचा अनुवाद सुरू होतो. मला काय, बरंच आहे. आतल्या खोलीतूनसुद्धा कळतं."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. मी हसलेसुद्धा नाही. खोली मात्र मिळाली.

रोज सकाळी सात वाजता काका बाल्कनीत बसून बोट टोचायचे आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघायचे. मग खाली फिरायला जाणाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने निकाल जाहीर व्हायचा. "दिल्ली तीन सौ अस्सी, मैं एक सौ अड़सठ! शहर से मेरी तबीयत अच्छी है!" पावसाने हवा धुऊन निघायची त्या दिवसांत उलटं व्हायचं. तेव्हा ते मान खाली घालून म्हणायचे, "आज दिल्ली साठ, मैं दो सौ दस. आज का प्रदूषण मैं ही हूँ।" लिफ्टमध्ये लोक 'गुड मॉर्निंग' म्हणायचे नाहीत, "अंकल, आज कौन जीता?" म्हणायचे.

मधुमेहाला ते घरजावई म्हणायचे. "काढता येत नाही, जेवायला वेळेवर लागतं, मान थोडा कमी पडला की रुसतो, आणि येऊन एकतीस वर्षं झाली तरी जाण्याचं नाव नाही." लग्नाला गेले की गुलाबजामच्या काउंटरसमोर हात जोडून, डोळे मिटून मिनिटभर उभे राहायचे. वाढपी गोंधळून विचारायचा, "सर, दूँ?" तर म्हणायचे, "नहीं बेटा, अंतिम दर्शन के लिए आया हूँ।" जेवणाआधीच्या प्रार्थनेत सगळ्यांचं 'आमेन' म्हणून झालं की त्यांची एक पुरवणी असायची, "दोन पोळ्यांबद्दल आभार, तिसरीबद्दल तक्रार." काकू डोळे मिटलेल्या अवस्थेतच त्यांना कोपर मारायच्या.

एकदा मी त्यांच्याबरोबर मेट्रोने चालले होते. तपासणीच्या जवानाने त्यांच्या खिशातलं इन्सुलिनचं पेन काढून विचारलं, "ये क्या है?" काका म्हणाले, "हथियार है। पर सिर्फ़ अपने ऊपर चलता है।" जवानाने पेन उलटसुलट करून बघितलं आणि हळूच म्हणाला, "मेरी माँ भी लेती है, अंकल। कहाँ लगाते हो, पेट में?" मागे रांग खोळंबली होती आणि हे दोघे पोटाला की मांडीला यावर चर्चा करत होते. जवानाची आई एकाच जागी रोज टोचून घेत होती, तिथे गाठ आली होती. काकांनी त्याला जागा कशी बदलायची ते दाखवलं, स्वतःच्या शर्टावर बोट ठेवून. मी बाजूला उभी राहून घड्याळ बघत होते. मला या सगळ्याची चीड यायची.

चीड का यायची ते सांगते. पुण्याला माझी मोठी मावशी आमच्याकडेच राहायची. तिचा पाय गुडघ्याखालून काढला तेव्हा मी नववीत होते. आमच्या घरात 'शुगर' हा शब्द आवाज खाली घेऊन म्हणत. तिच्या खोलीत शिरताना चेहरे आपोआप लांब व्हायचे. मधुमेह म्हणजे ते लांब चेहरे, अशी माझी समजूत. म्हणून संघटनेत आल्यावर मी पहिलं पत्रक लिहिलं त्याचं शीर्षक होतं 'मधुमेह मज़ाक़ नहीं है'. काळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, एका पायाचा फोटो. खूप गाजलं. आमच्या वरिष्ठांनी पाठ थोपटली. काकांना दिलं तर त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या आणि म्हणाले, "पत्रकबाई, तुझा हिंदीचा हात चांगला आहे. पण हे वाचून मला असं वाटायला लागलंय की मी गेलो, आणि मलाच कोणी सांगितलं नाही."

तेव्हापासून मी पत्रकबाई. काकूसुद्धा म्हणायला लागल्या.

आता कमिटीबद्दल. रोज संध्याकाळी सहाला, काकांच्या आंघोळीनंतर, बैठकीच्या खोलीत मॅनेजिंग कमिटीची सभा भरायची. सोसायटीची खरी कमिटी तीन-तीन महिने भरत नसे, ही रोज भरायची, कारण ती काकांच्या पायाच्या दहा बोटांची होती. उजव्या पायाचा अंगठा अध्यक्ष. त्याच्या शेजारचा सेक्रेटरी. मधलं बोट उपाध्यक्ष, मग खजिनदार, आणि करंगळी जॉइंट सेक्रेटरी. डाव्या पायाची पाचही बोटं कार्यकारिणी सदस्य. "आणि टाचा?" मी पहिल्या दिवशी विचारलं. "टाचा म्हणजे तुझ्यामाझ्यासारखे साधे सभासद," काका म्हणाले. "सगळं वजन त्यांच्यावर, आणि त्यांना मत विचारायचं नाही."

काका खुर्चीत बसायचे, पाय स्टुलावर, तोंडावर पेपर. काकू खाली पाटावर बसून केरसुणीची एक बोथट काडी घ्यायच्या आणि एकेका बोटाला हळूच लावायच्या.

"कोण?"

"अध्यक्ष. आज नख वाढलंय त्यांचं, आत शिरू बघतंय. समज द्या."

"हे कोण?"

"सेक्रेटरी."

"आणि हे?"

पेपरमागून आवाज, "काही आलं का?"

"आलं की. खजिनदार आहे तो."

"गैरहजर. लिहा. सलग चौथ्या दिवशी गैरहजर."

काकू खरोखरच लिहायच्या, एका जुन्या डायरीत, गणिताच्या बाईंच्या नीटस अक्षरात. मग हातातला आरसा खाली धरून तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, टाचांना तेल. पंधरा मिनिटांत सभा बरखास्त. खजिनदार असा सलग गैरहजर राहायला लागल्यावर दोघं डॉक्टरकडे गेले होते, आणि पायाच्या नसा मरायला लागल्याचं तिथे कळलं होतं. हे मला काकूंनीच सांगितलं. मी ते एका कानाने ऐकलं. दुसऱ्या कानात माझ्या मावशीच्या खोलीतली शांतता होती, आणि ती मला जास्त खरी वाटायची.

दिवाळीनंतर आम्ही त्यांच्या सोसायटीत शिबिर घेतलं. मी काकांना म्हटलं, "रुग्ण म्हणून पाच मिनिटं बोला. जे भोगलंत ते सांगा."

"भोगलेलं? अगं, पाच मिनिटं भोगलेलं ऐकवलं तर लोक झोपतील."

"काका, प्लीज. सीरियसली."

"बरं बाई. सीरियसली."

रविवारी हॉल भरला. पहिल्या रांगेत सोसायटीची खरी कमिटी, मागे रहिवासी, सगळ्यात मागे भिंतीला टेकून गार्ड, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बायका. डॉक्टरांचं भाषण झालं, स्लाइड्स झाल्या, ज्यांत जखमांचे फोटो होते. लोक गप्प होते. मला वाटलं, परिणाम होतोय. आता कळतं की ते नुसते दाराकडे बघत होते.

मग काका स्टेजवर आले. माइक घेतला, खुर्चीत बसले, उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला, आणि पाय समोरच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवला.

"मित्रो, ये हमारे अध्यक्ष जी हैं," अंगठा हलवत ते म्हणाले. "थोड़े मोटे हैं, जगह ज़्यादा घेरते हैं।"

पहिल्या रांगेतले खरे अध्यक्ष आधी दचकले आणि मग असे हसले की त्यांचा चष्मा खाली आला. "ये ख़ज़ांची जी। इनको सुई चुभाओ, तब भी नहीं बोलते।" खऱ्या खजिनदारांनी उठून नमस्कार केला. टाळ्या. काकांनी काकूंना वर बोलावलं, काडी काढली, पेपर तोंडावर धरला आणि सभा सुरू झाली. हॉलमध्ये हसण्याचा नुसता गदारोळ. आणि त्या गदारोळात मी जे बघितलं ते मी बघितलं नाही असं म्हणू शकत नाही. मधल्या रांगेतला एक गृहस्थ वाकून बुटाची नाडी सोडत होता. त्याच्या शेजारच्या बाईंनी चप्पल बाजूला सारून पाय मांडीवर घेतला होता. मागच्या भिंतीपाशी खुसुरफुसुर. आणि तिसऱ्या रांगेतून एक बाई हसत हसत, अर्ध्या लाजेने ओरडली, "अंकल, मेरा तो सेक्रेटरी सुन्न है! दो महीने से!"

जे माझ्या सगळ्या पत्रकांनी मिळून केलं नव्हतं ते त्या क्षणाला त्या हॉलमध्ये घडत होतं. त्या बाईंना काका काहीतरी उत्तर देणार होते. मी स्टेजवर चढले आणि माइक घेतला.

काय बोलले ते शब्दशः आठवतं, कारण आदल्या आठवड्यात तेच मी पत्रकात लिहिलं होतं. "यहाँ लोगों के पैर कटते हैं और आप तमाशा कर रहे हैं। बीमारी का मज़ाक़ उड़ाना बंद कीजिए। ऐसे ही लोगों की वजह से कोई इसे सीरियसली नहीं लेता।"

हॉल गार झाला. अध्यक्षांनी चष्मा पुसायला घेतला. नाडी सोडणाऱ्या गृहस्थाने ती परत बांधली. तिसऱ्या रांगेतल्या बाई खाली बघत होत्या. काकांनी टेबलावरचा पाय खाली घेतला. मोजा चढवला, त्याची टाच नीट टाचेवर बसेपर्यंत ओढत राहिले, मग बूट. काकू हातातल्या काडीचं काय करावं ते न समजून ती पदरात लपवत होत्या. काका माइकशिवायच म्हणाले, "सॉरी बेटा।" मराठीत नाही. सगळ्यांना कळावं म्हणून.

हॉलच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. मी भाषण पुढे चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "तुझं बरोबर होतं. वयाला शोभत नाही हे." मी म्हटलं, "तसं नाही काका, पण विषय गंभीर आहे ना." ते म्हणाले, "आहे खरा." सकाळी बाल्कनीतून आवाज येईनासा झाला. लिफ्टमध्ये कोणी विचारलं, "अंकल, कौन जीता?" तर ते नुसतं हसून "सब ठीक" म्हणायचे. संध्याकाळी काकूंनी पाट मांडला की म्हणायचे, "राहू दे. माझं मी बघतो." हल्ली डोळ्यांनी त्यांना धड वर्तमानपत्रातला मथळासुद्धा दिसत नव्हता, तळवे कुठून दिसणार? पण एवढी वर्षं जे हसत करून घेतलं ते गंभीरपणे करून घ्यायची त्यांना लाज वाटत असावी. नवऱ्याने बायकोपुढे पाय पसरायचे आणि तिने ते हातात घेऊन बघायचे. विनोद काढून घेतल्यावर उरलेलं हे दृश्य त्यांना झेपेना.

आणि मी? खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. मला बरं वाटलं होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी सांगितलंसुद्धा, की घरच्याच एका पेशंटचा दृष्टिकोन बदलला.

डिसेंबरात थंडी पडली. काका हीटरसमोर मोजे घालून बसायचे. मधुमेह्याने हीटरजवळ पाय नेऊ नयेत हे माझ्याच पत्रकात सातव्या ओळीला होतं. मी रोज त्या खोलीतून ये-जा करत होते.

नाताळच्या आठवड्यात काकूंनी करंज्या करायला घेतल्या. मी मदतीला बसले होते. त्या एकदम थांबल्या. "पत्रकबाई, वास येतोय का गं? खोबरं खवट तर नाही?" मी हुंगलं. काहीतरी येत होतं खरं. आम्ही सारण चाखून बघितलं, दोघींनाही ठरवता येईना. शेवटी काकूंनी सगळं सारण टाकून दिलं आणि मी खाली जाऊन नवीन खोबरं आणलं. दुसऱ्या दिवशी नव्या सारणाच्या करंज्या तळताना तोच वास. काकू म्हणाल्या, "तेल असेल." तेलही टाकलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चप्पलस्टँडवरच्या काकांच्या बुटांजवळ वाकून श्वास घेतला, आणि सरळ हीटरपाशी गेल्या. काका खुर्चीत होते.

"अहो, मोजा काढा."

"काही विशेष नाही गं."

"काढा म्हणते ना."

उजवा मोजा निघेना. तो पायाला चिकटला होता. काकूंनी कोमट पाण्याने भिजवून तो सोडवला तेव्हा मी दारात उभी होते, हातात झारा. भाजून फोड आला होता, फुटला होता, आत चिघळला होता. किती दिवसांपूर्वी, ते त्यांना सांगता येईना. त्यांना काही जाणवलंच नव्हतं. आणि जाणवतंय का, हे विचारणारं कोणी नव्हतं.

आधी दोन बोटं गेली, करंगळी आणि शेजारचं. पंधरा दिवसांनी पुढचं अर्धं पाऊल. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या मला काही बोलतील अशी मी वाट बघत होते, त्यांनी बोलावं अशी इच्छाही होती. त्यांनी थर्मासमधला चहा मला दिला. मग म्हणाल्या, "तुला एक सांगू का? ते थट्टा करायचे तोवर मला कधी काही विचारावं लागलं नाही. साखर वाढली, उतरली, पाय बधिर झाला, डोळ्यांपुढे काळे ठिपके आले, सगळं ते थट्टेतच सांगायचे. माझ्याशी सरळ कधी बोललेच नाहीत त्या दुखण्याबद्दल. सरळ बोलणं त्यांना यायचंच नाही."

"काकू, मी..."

"तू लहान आहेस," त्या म्हणाल्या. त्यांनी क्षमा केली की तक्रार केली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोसायटीच्या गेटवर एक वयस्क गार्ड असायचा, बिहारकडचा. काकांची चौकशी करून झाल्यावर तो घुटमळला आणि म्हणाला, "मैडम, उस दिन हॉल में मैंने भी एक जूता खोल दिया था। फिर आप नाराज़ हो गईं, तो पहन लिया।" मी त्याला तिथेच बूट काढायला लावला. त्याच्या अंगठ्याखाली घट्टा होता, त्याच्या मधोमध काळा ठिपका. त्याला मी स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेले, वेळेत होतं. तिसऱ्या रांगेतल्या त्या बाई कोण होत्या ते मात्र मला अजूनही सापडलेलं नाही. मी सहाही मजल्यांवर विचारत फिरले. कोणी म्हणालं, पाहुण्या असतील. कोणी म्हणालं, कुणाकडे कामाला असतील. त्यांचा सेक्रेटरी सुन्न होता, दोन महिन्यांपासून. मला एवढंच माहीत आहे.

फेब्रुवारीत मुलगी काकाकाकूंना फरीदाबादला घेऊन गेली. मी दुसरीकडे खोली बघितली. मार्चमध्ये धीर करून, दोनदा मेट्रो बदलून, त्यांना भेटायला गेले. वाटेत सगळं पाठ केलं होतं. काका, तुम्ही बरोबर होतात. तुमचा पाय तुमच्या थट्टेने गेला नाही, ती बंद केल्यामुळे गेला, आणि बंद मी केली.

काका खिडकीत बसले होते, पायात खास बनवून घेतलेला बूट. भिंतीवर जावयाने छापून दिलेला तक्ता, त्यात वेळच्या वेळी आकडे भरलेले. बारीक झाले होते. माझ्या कामाची चौकशी केली, पुण्याची केली. माझं पाठ केलेलं ओठांवर आलं तेवढ्यात तेच म्हणाले, "तुझी ती पत्रकं असतील तर दे ना थोडी. काळी-लाल. इथल्या सोसायटीत वाटतो."

"काका, ती मी आता वाटत नाही."

"का? वाट की. चांगली आहेत. गंभीर लिहिलंयस. लोक सगळं हसण्यावारी नेतात गं." मग बुटाकडे बघून, अगदी साध्या आवाजात, "मीच नेलं नाही का? हसत बसलो, आणि पाय गेला."

मी म्हटलं, "नाही काका, उलट आहे. उलट झालं." त्यांनी ऐकलं, पण लहान मुलाची समजूत काढताना ऐकतात तसं. "तू नको वाईट वाटून घेऊस," म्हणाले. मुलगी चहा घेऊन आली. बिनसाखरेचा चहा ते गुपचूप, शहाण्या पेशंटसारखे प्यायले. पूर्वी बिनसाखरेच्या चहावर त्यांचे निदान तीन शेरे ठरलेले असायचे. मी कप हातात धरून वाट बघत होते. एकही आला नाही. मी पत्रकात वर्षभर ज्या रुग्णाचं वर्णन करत होते तो माझ्यासमोर बसला होता. वेळेवर, गंभीर आणि एकटा. निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "रोज पाय बघते मी आता, ते नको म्हणाले तरी. गपचूप पुढे करतात. बोलत काहीच नाहीत."

मी त्यानंतर तीनदा गेले आहे. दर वेळी तेच सांगते, उलट झालं काका, आणि दर वेळी ते मान डोलावतात. त्यांचा विश्वास बसलेला नाही. पुढच्या रविवारीही जाणार आहे.

तुमच्याकडे मागणी एकच आहे. तुमच्या घरात, शेजारी किंवा गेटवर ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्यापैकी एकाच्या समोर आज संध्याकाळी जमिनीवर बसा. त्यांचे मोजे स्वतःच्या हाताने काढा. तळवे बघा, बेचक्या बघा, प्रत्येक बोटाला हात लावून विचारा, कळतंय का. ते त्यावर काही वेडगळ बोलले, स्वतःच्याच दुखण्याची थट्टा करू लागले, तर मध्ये बोलू नका. त्यांना पुरतं बोलू द्या. आणि मोठ्याने हसा.